उलट बैठक

इन्स्पेक्टरने उंबऱ्यातूनच निरोप सांगितला, आणि तो सांगून संपायच्या आत चिमणी म्हणाली, "मी येते."

धाकटी, म्हणजे चिमणीची आई, तेव्हा लेकीचाच काळा कोट इस्त्री करत होती. लेक एका वकिलाकडे काम शिकायला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात तो कोट कोपरांवर चकाकायला लागला होता. धाकटीने इस्त्री होती तिथेच सोडली. थोरल्या जावेने येऊन बटण बंद करेपर्यंत बाहीला तळहाताएवढा डाग पडला होता आणि घरभर करपल्याचा वास सुटला होता. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे चिमणीकडे बघत होते आणि चिमणी इन्स्पेक्टरच्या बुटांकडे.

निरोप असा होता, की दगडखाणीचा सुरुंगवाला सकाळी कामावर आला, स्फोटकांच्या कोठारात शिरला, एका तरण्या मुकादमाला आत ओढलं आणि लोखंडी दाराला आतून कडी घातली. त्याच्याजवळ काडेपेटी आहे. आतला माल उडाला तर खाण जाईलच, पण खाणीखालच्या वस्तीतली चूलसुद्धा जागेवर राहणार नाही. वस्ती रिकामी करायला घेतली आहे, पण म्हातारे-कोतारे, आजारी माणसं, इतक्या लवकर कुठे हलतात? सुरुंगवाला काही मागत नाही. एवढंच म्हणतो, की बोलक्यांच्या घरातलं कुणीतरी पाठवा. थोरला सोडून कुणीही चालेल.

ते ऐकून थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. मघाशीच पुसलेला होता.

बोलक्यांचं घर म्हणजे हेच. या घराण्याच्या मूळ पुरुषाने म्हणे भर रस्त्यात रुसून बसलेल्या एका गाढवाला नुसतं बोलून बोलून उठवलं होतं. पुढे ते गाढव दुसऱ्या कुणाचं ऐकेना, म्हणून मालकाने वैतागून ते त्याच्याच दारात आणून बांधलं. यातलं निम्मं खोटं धरा. पण त्या दिवसापासून या घरात पोट भरलं ते जिभेवर. नानांनी, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांनी, उभा जन्म रस्त्याच्या कोपऱ्यावर कंगवे विकण्यात घालवला. टकल्याला कंगवा विकणं त्यांना पोरखेळ वाटे. तोच टकला आठवड्याने दुसरा कंगवा घ्यायला आला, ही त्यांची खरी कमाई. थोरले, म्हणजे तिचे दीर, खाणकंपनीच्या वतीने बोलत. थोरली जाऊ बसस्थानकावर गाड्या पुकारायची आणि घरीही तिला एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय लागली होती. धाकटी वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर बसून दिवसभर चिडलेली माणसं थंड करायची.

आणि तिचा नवरा. तो या सगळ्यांत सरस होता. एकदा बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकावर खवळलेल्या जमावापुढे तो बोलायला उभा राहिला. पुढच्या रांगा ऐकत होत्या, काही जण तर डोळे पुसत होते. ज्याला ऐकू येत नव्हतं अशा कुणीतरी पार मागून दगड मारला. तो गळ्यावर बसला. तेव्हापासून तो कुजबुजतो, आणि तेही दिवसातून मोजकंच.

बोलून कुणालाही वळवता येतं यावर या घरातल्या सगळ्यांचा विश्वास होता. धाकटीचा फक्त पुढच्या रांगांपुरता उरला होता.

"बैठक," नाना खुर्चीतून म्हणाले. "उलट बैठक. इन्स्पेक्टरसाहेब, बसा जरा."

इन्स्पेक्टरला वाटलं म्हातारा चळला. इथे माणूस काडी घेऊन बसलाय आणि हे बैठक कसली घेतायत, असं त्याने तोंडावर विचारलंही. नाना म्हणाले, तुमची गाडी वळवून घ्या, तोवर आमचं होतं.

आता ही उलट बैठक नानांनीच घातलेली रीत. दोन्ही मुलगे लहानपणापासून बोलण्यात असे पटाईत, की घरात साधी खिडकी उघडायची तरी दोन्हीकडून भाषणं व्हायची आणि खिडकी बंदच राहायची. तेव्हा नानांनी नियम केला: घरातला मोठा निर्णय असेल तर ज्याला जे नको असेल त्याने त्याच बाजूने बोलायचं. आपलं मत मांडताना माणूस ओरडतो, दुसऱ्याचं मांडताना विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्याबद्दल निर्णय, त्याने तोंड उघडायचं नाही. शेवटी हात वर, आणि हात मात्र खऱ्या मताचा. आणखी एक कलम होतं. जो हरावं म्हणून मुद्दाम फिकं बोलेल, त्याचा हात मोजायचा नाही.

धाकटीने मनातल्या मनात हात मोजले. नवरा तिच्याच बाजूचा. जाऊ घाबरट, तीही नकोच म्हणेल. थोरल्यांना मात्र पोरीने जायला हवं होतं. ती पाठवली की कंपनीत मान राहणार. नानांचं काही सांगता येत नाही. म्हणजे तिचा स्वतःचा हात गमावून चालणार नव्हतं. चिमणीने जावं या बाजूने तिला बोलावं लागणार होतं, चांगलं बोलावं लागणार होतं, आणि तरी हरायचं होतं.

आधी थोरले उठले. जाऊ नये, या बाजूने. त्यांच्या आवाजाला खाणीच्या कर्ण्याची सवय, पण आज तो दिवाणखान्यातही पोचेना. पोर लहान आहे म्हणाले. ऊन फार आहे म्हणाले. खाणीत धूळ असते, तिला लगेच शिंका येतात, असंही म्हणाले.

"शिंका," नाना म्हणाले.

"हो, म्हणजे, ॲलर्जी आहे तिला."

"तुझा हात बाद. बस खाली. धाकटे, तू."

थोरले मुकाट बसले. धाकटी उठली. तिने हळूच सुरुवात केली, की शब्द दिलाय, मागे फिरणं बरं दिसणार नाही, चार लोक काय म्हणतील. बोलता बोलता तिला नानांची भुवई वर जाताना दिसली.

"तक्रारखिडकीवर असंच बोलतेस का गं?" नाना म्हणाले. "तरीच वीज येत नाही."

जाऊ हसली आणि लगेच गप्प झाली. आणखी एक फिकं वाक्य, की हात गेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने गळ्यापाशी बोट नेलं. हळू घे, दम घे, अशी त्यांची जुनी खूण होती. तिने दम घेतला.

"तो आपल्याच घरातलं माणूस का मागतोय?" ती म्हणाली, आणि थांबली.

या थांबण्याला त्या घरात खड्डा म्हणत. वाक्यात मध्येच जागा सोडायची. ऐकणारा आपल्या पायाने चालत येऊन पडतो. इन्स्पेक्टर पडला. दाराची चौकट सोडून तो दोन पावलं आत आला.

"त्याचा धाकटा भाऊ खाणीत सुरुंग लावताना गेला. वात आखूड होती. कंपनीने दिलेली वातच आखूड होती, पळायला वेळ मिळाला नाही. खाणीतल्या सगळ्यांना हे माहीत आहे. आणि खाणीच्या फाटकावर भाऊजींनी कर्ण्यातून काय सांगितलं? मृत कामगार अनुभवी होता, मृत कामगार सर्वांचा लाडका होता, त्याचा जीव घेतला तो केवळ त्याच्या निष्काळजीपणाने. किती सुंदर वाक्य आहे. लोक आधी रडले आणि मग त्यांनी माना डोलावल्या. रडणाऱ्या माणसाची मान फार लवकर हलते."

थोरले म्हणाले, की हे बैठकीत काढायचं कारण नाही. नानांनी हाताने त्यांना गप्प केलं.

"कारण आहे. ते वाक्य भाऊजींनी एकट्याने नाही केलं. आपल्या जेवणाच्या टेबलावर झालं ते. आठवतंय? 'मृत कामगार' दोनदा म्हणा, हे वहिनींनी सुचवलं. दोनदा म्हटलं की ठसतं. नानांनी मधले दोन शब्द उडवले, म्हणाले, दगड हलका असला की लांब जातो. यांनी कुठे श्वास घ्यायचा ते बोटाने दाखवलं. भाजी निवून गेली आणि आपण सगळे ते वाक्य घासत बसलो. कुणी विचारलं नाही की हे खरं आहे का. चांगलं झालंय का, एवढंच विचारलं."

आता ती बोलत नव्हती, बोलणंच तिला ओढत नेत होतं. तिला ते कळत होतं आणि थांबता येत नव्हतं, उतारावर सुटलेल्या हातगाडीमागे धावताना होतं तसं. एकामागून एक पायऱ्या आपोआप पायाखाली येत होत्या. त्या मुकादमाचा यात काय दोष, ती म्हणाली. वस्तीतल्या म्हातारीचा काय दोष? काडी त्याच्या हातात आहे, पण पेटी या घरातून गेली. या घरातून गेलेलं वाक्य पोलीस कसं परत आणतील? ज्या घराने ते पाठवलं त्या घरातल्या माणसानेच जाऊन ते घेऊन यायला हवं. आणि नाही गेलं, तर आजपासून या घराने तोंड उघडू नये. गाड्या पुकारू नयेत. कंगवेसुद्धा विकू नयेत.

ती बसली. बसल्यावर तिच्या कानात शब्द परत आले आणि आपण काय केलं हे तिच्या ध्यानात आलं.

चिमणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, नियमाप्रमाणे गप्प. धाकटीने आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी येते असं ती पटकन म्हणून बसली होती. या घरातल्या कुणाच्याही तोंडून एखादं चमकदार वाक्य निसटावं, तसं ते निसटलं होतं. आणि मग ती आईकडे बघत राहिली होती. आई अडवेल म्हणून. आई काहीही करून हरेल म्हणून.

"हात," नाना म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा आधी वर केला.

जावेचा हात वर गेला. रडत होती, पण गेला. थोरल्यांचा बाद झालेला हातही नकळत वर आला होता. मग धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. गळ्यावरच्या वणावरून त्याचा हात सावकाश निघाला आणि वर गेला.

ज्या माणसाने दगड खाल्ला होता त्यालाही तिने पटवलं होतं. तिच्या मांडीवर तिचे दोन हात पडून होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

चिमणी उठली. "ठीक आहे," म्हणाली. ती दाराशी गेली आणि चपलेत पाय घालायला लागली. पाय चपलेत जाईना. एकदा नाही, दोनदा नाही. इन्स्पेक्टर तोंड फिरवून बाहेर बघू लागला.

"थांब," धाकटी म्हणाली.

"बैठक संपली, धाकटे," नाना म्हणाले. "ठराव झाला. आता रडारड नको."

"ठराव काय झाला, नाना?"

"तूच तर..."

"या घरातलं माणूस जायला हवं, एवढाच झाला. चिमणीचं नाव मी घेतलं नाही. एकदासुद्धा नाही. आठवून बघा."

नानांनी आठवून पाहिलं. त्यांच्या डोक्यात वाक्यं पडलेली राहत, दुसऱ्यांच्या डोक्यात गाणी राहतात तशी. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कौतुक होतं की धास्ती हे सांगणं कठीण होतं.

"हा खड्डा तू आधीच खणून ठेवला होतास?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. ते खरं होतं. तिला तो आत्ताच दिसला होता, पडता पडता.

चिमणीने तिचा दंड धरला. आई, नको, मी जाते, मी म्हटलंय ना, असं काहीबाही बोलायला लागली. धाकटीने तिची बोटं एकेक करून सोडवली. घट्ट होती, सोडवायला वेळ लागला. जाऊ म्हणाली, पदर नीट घे, पदर नीट घे. नवरा दारापर्यंत आला. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. त्याच्या आवाजात वाऱ्यापेक्षा जास्त काही नसे. "मागच्या रांगेकडे बघ," तो म्हणाला.

जीपमध्ये इन्स्पेक्टरने विचारलं, बाई, काय बोलायचं ते ठरलंय का? तिने मान हलवली. हो की नाही ते त्याला कळलं नाही. तिलाही कळलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्या घरात नको त्या बाजूने बोलायला शिकली होती. नको त्या गोष्टीसाठी तिच्याकडे शब्दांचा डोंगर होता. आज तिला जे हवं होतं त्याच बाजूने बोलायचं होतं. तो मुकादम जगावा. वस्ती राहावी. मीही घरी जावं. त्याच्यासाठी एक धड वाक्य जुळेना. तिने खड्डा आठवून पाहिला, पायऱ्या आठवून पाहिल्या. सगळी हत्यारं दुसऱ्याच्या मापाची होती.

वाटेत वस्ती लागली. एक माणूस पाठीवर म्हातारीला घेऊन चालला होता आणि म्हातारी त्याला मागे वळ म्हणून चापट्या मारत होती. कुणाच्या तरी ओट्यावर ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

खाणीत सगळं पांढरं होतं. धूळ झाडांवर, फावड्यांवर, लांब आडोशाला बसलेल्या पोलिसांच्या टोप्यांवर. कोठार एका बाजूला, दगडी, खिडकी नसलेलं. इन्स्पेक्टरने तिच्या हातात कर्णा दिला आणि इथून बोला म्हणाला. तिने तेवढ्या अंतरावरून दाराकडे पाहिलं. इथून बोललं तर शब्द पोचतील, पण तिथून काय येतंय ते तिला ऐकू येणार नव्हतं. मागच्या रांगेत आज तीच होती.

तिने कर्णा खाली ठेवला आणि चालायला लागली. मागून कुणीतरी हाक मारली. पाय तिचे नव्हतेच, त्यामुळे थांबवणंही तिच्या हातात नव्हतं. दार उन्हाने तापलेलं होतं. त्याच्याजवळ उभं राहिल्यावर आतून एका माणसाचं हुंदके दाबणं ऐकू आलं. तो मुकादम असणार.

"कोण आहे?" दुसरा आवाज आला. जवळून. दारापलीकडेच.

"बोलक्यांच्या घरातली. धाकटी सून."

"मग बोल. छान बोलता तुम्ही लोक."

तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "मी बसते जरा. पाय कापतायत."

ती दाराला टेकून धुळीत बसली. लोखंड पाठीला भाजत होतं, पण तेवढाच आधार होता.

"ते वाक्य आमच्या घरी झालं," ती दाराला म्हणाली. "जेवताना. सगळ्यांनी मिळून केलं. निष्काळजीपणा हा शब्द आधी मध्ये कुठेतरी होता. तो शेवटी टाका, असं मी सांगितलं."

"का?"

"शेवटचा शब्द कानात राहतो म्हणून."

काडेपेटी हलल्याचा आवाज झाला. आतल्या काड्या एकमेकींवर वाजल्या. मुकादमाचं रडणं एकदम बंद पडलं. धाकटीने डोळे मिटून घेतले आणि चिमणीची ती घट्ट बोटं तिला दंडावर जाणवली.

"राहिला," सुरुंगवाला म्हणाला. "माझ्या आईच्या कानात राहिला. मरेपर्यंत तेवढंच बडबडत होती ती." मग म्हणाला, "आता काय टाकणार शेवटी?"

एक-दोन छान उत्तरं जवळ आली, शेपटी हलवत. तिने ती हाकलली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की जे वाक्य त्यांनी ताटं निवेपर्यंत घासलं होतं, त्यात एक गोष्ट कुणालाच लागली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती.

"त्याचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

तिला वाटलं, झालं, आता तो काडी ओढणार. मग तो काहीतरी बोलला. घोगरं, तुटक, हुंदक्यात अडकलेलं. जाड लोखंडातून तिच्यापर्यंत फक्त त्याचा श्वास आला.

"नीट आलं नाही मला," ती म्हणाली. "दार फार जाड आहे. दार उघडून सांग."

हे तिला खरंच ऐकू आलं नव्हतं, की घरची विद्या आपण होऊन बोलली होती, हे पुढे नानांनी तिला अनेकदा विचारलं. तिने कधी सांगितलं नाही. त्या क्षणी तर तिला एवढंच कळत होतं, की पाठीमागचं लोखंड हललं, आणि ते हलताना आपण पळायला हवं होतं आणि आपण पळालो नाही. वर कुठेतरी कडी सरकायला लागली. गंजलेली होती, अडत अडत येत होती. धाकटी दारापासून बाजूला झाली, गुडघ्यांवर आली, आणि ते नाव ऐकायला तिने मान पुढे केली.